'ग्रीनकार्डला काही होत नाही' असं वकील म्हणाला होता

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत): न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांचा धाकटा भाऊ २००८ला शिकायला आला, २०१६ला ग्रीनकार्ड झालं, बायको आहे, नऊ वर्षांची मुलगी इथेच जन्मलेली. ओळखीच्या एका माणसाच्या दुकानाचे हिशोब तो शनिवार-रविवार बघायचा, तिथे खोटे रिफंड दाखवून पैसे काढल्याची केस झाली, एकूण रक्कम १४,२०० डॉलर. भावाचं म्हणणं, थोडा हात माझा होता, सगळा नाही. वकिलाने सांगितलं की जेल नाही, दोन वर्षं प्रोबेशन, पैसे परत करायचे, विषय संपला, ग्रीनकार्ड आहे त्यामुळे इमिग्रेशनची काळजी नको. मार्च २०२२मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, मे महिन्यात शिक्षा झाली, प्रोबेशन नीट पूर्ण केलं. वडिलांच्या वर्षश्राद्धाला पुण्याला जाऊन परत येताना नेवार्कला त्याला अडवलं, ग्रीनकार्ड काढून घेतलं, आणि आता इमिग्रेशन कोर्टाची नोटीस आलीये. वकिलाला फोन केला तर तो म्हणाला, 'हे माझ्या लक्षातच आलं नाही.' ताई विचारतात: वकिलाने चूक कबूल केली, मग केस आपोआप उघडेल ना? वकिलावर दावा लावावा का? की भाऊ पूर्ण निर्दोष होता असंच आता म्हणावं? शेवटी लिहितात, 'आईला अजून काही माहीत नाही. आणि लवकर मिटव म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते.'

ताई,

आपोआप काहीच उघडणार नाही, हे आधी सांगते, कारण तुमचं सगळं पत्र त्या एका आशेवर उभं आहे आणि त्या आशेवर बसून राहिलात तर तारखा निघून जातील. मी वकील नाही. इथल्या कोर्टांमध्ये मराठी-हिंदी दुभाषी म्हणून बरीच वर्षं उभी राहिलेय, आणि आपली माणसं नेमकी कुठे अडकतात ते जवळून बघितलंय. त्यामुळे हे वाचून झाल्यावर तुम्हाला दोन वकील लागणारच आहेत, एक शिक्षेनंतरच्या केसेस करणारा क्रिमिनल वकील आणि एक इमिग्रेशनचा, आणि ते दोघं एकमेकांशी बोलणारे हवेत. मी सांगतेय ते त्यांच्याकडे जाताना हातात काय घेऊन जायचं तेवढंच.

वकिलाची चूक झाली हे अर्धंच काम आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८४ला स्ट्रिकलंड केसमध्ये दोन गोष्टी मागितल्या, आणि अजून त्याच मागतात. एक, वकिलाचं काम साधारण बऱ्या वकिलाच्या पातळीच्या खाली होतं हे दाखवा. दोन, त्यामुळे तुमचं नुकसान झालं हे दाखवा. दुसऱ्या गोष्टीला कोर्टात प्रेज्युडिस म्हणतात. डिक्शनरीत बघाल तर पूर्वग्रह असा अर्थ सापडेल आणि तुम्ही गोंधळाल, इथे त्याचा अर्थ सरळ नुकसान, म्हणजे ती चूक झाली नसती तर गोष्टी वेगळ्या घडल्या असत्या का. बहुतेक केसेस इथेच पडतात, चूक सगळ्यांना दिसत असते, जज पण मान्य करतो, आणि मग म्हणतो, पण तुमचं काय बिघडलं?

तुमच्या भावाच्या बाबतीत चूक काय ते आधी नीट बघू, कारण ती तुम्ही समजताय त्यापेक्षा बारीक आहे. जेल झाली नाही म्हणजे इमिग्रेशनला फरक पडत नाही असं तुमच्या वकिलाला वाटलं. पण इमिग्रेशनच्या कायद्यात अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी नावाची एक यादी आहे. नाव ऐकून खून-दरोडा वाटतो, पण त्या यादीत दहा हजार डॉलरपेक्षा जास्त नुकसान झालेली फसवणूक पण बसते, आणि त्यासाठी एक दिवसही जेल झालेली असायची गरज नाही. २००९ला निझावन नावाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा दहा हजारांचा आकडा गुन्ह्याच्या व्याख्येत नसला तरी चालेल, भरपाईच्या ऑर्डरसारख्या कागदांवरून तो धरता येतो. त्या केसमधला माणूस भारतातूनच १९८५ला इथे आलेला होता, त्याची रक्कम कोट्यवधी डॉलरची होती ती गोष्ट वेगळी. पण नियम तोच. तुमच्या भावाच्या ऑर्डरवर १४,२०० लिहिलंय. म्हणजे वरच्या ४,२०० डॉलरमुळे एका माणसाचं घर, मुलीची शाळा, सतरा वर्षांचं आयुष्य पणाला लागलंय, आणि सही करताना त्या खोलीत कोणालाही तो आकडा तसा दिसला नव्हता. यादीतल्या गुन्ह्याचा शिक्का बसला की इमिग्रेशन जजला दया दाखवायला जवळजवळ जागाच उरत नाही, ग्रीनकार्डवाल्यांना एरवी मिळू शकणारी माफीची वाट बंद होते.

हे वकिलाने सांगायलाच हवं होतं का? हो. पडिया विरुद्ध केंटकी, ३१ मार्च २०१०. होंडुरासमध्ये जन्मलेला माणूस, चाळीस वर्षांहून जास्त ग्रीनकार्डवर, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला, ट्रकमधून गांजा नेताना सापडला. त्याच्या वकिलाने पण हेच सांगितलं होतं, इतकी वर्षं इथे आहेस, काळजी नको. सुप्रीम कोर्ट म्हणालं की डिपोर्टेशनचा धोका कायद्यात स्पष्ट दिसत असेल तर वकिलाने तो अशिलाला सांगितलाच पाहिजे. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने तर त्याच्या आधीच, २००९ला, इमिग्रेशनबद्दल चुकीचा सल्ला देणं म्हणजे वकिलाने काम नीट केलं नाही असं ठरवून टाकलं होतं. तुमच्या भावाची प्ली, म्हणजे कोर्टात दिलेली गुन्ह्याची कबुली, २०२२ची आहे, त्यामुळे या बाबतीत तुम्ही बऱ्या जागी आहात. (ज्यांची केस मार्च २०१०च्या आधी संपली त्यांना पडियाचा आधार मिळत नाही, २०१३ला तेही ठरलंय, त्यांनी वेगळा रस्ता वकिलाला विचारावा.)

आता नुकसान. इथे तुम्ही गृहीत धरलंय की भाऊ केस जिंकला असता हे दाखवावं लागेल, म्हणून तर तो निर्दोष होता म्हणावं का असं विचारताय. तसं नाहीये, आणि ते कृपा करून करू नका. गुन्हा कबूल करताना जज नुसता हो-नाही विचारत नाही, काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग म्हणतो, आणि तुमच्या भावाने शपथेवर ते सांगितलेलं असणार, टेपवर असणार. आज उलट बोलला तर एक तर खोटी शपथ, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या बाकी खऱ्या बोलण्यावर पण कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि गरजच नाही हो त्याची. १९८५ला हिल विरुद्ध लॉकहार्टमध्ये ठरलंय की प्लीच्या केसमध्ये प्रश्न वेगळा असतो: खरं माहीत असतं तर या माणसाने कबुली द्यायला नकार देऊन ट्रायल, म्हणजे पूर्ण खटला, मागितली असती, याची पुरेशी शक्यता आहे का. पुरेशी म्हणजे पन्नास टक्क्यांच्या वर नाही, निकालावरचा भरवसा डळमळेल इतकी. आणि पडियामध्ये त्यात भर घातली की तसा नकार देणं त्या परिस्थितीत शहाण्या माणसाला पटण्यासारखं हवं.

मग जज विचारेल, अहो, पुरावा तर भक्कम होता, रिफंड याच्याच कार्डावर गेलेत, कोण शहाणा माणूस ट्रायलला गेला असता? याचं उत्तर एका कोरियन माणसाच्या केसमध्ये आहे, आणि ती मी तुम्हाला सविस्तर सांगते कारण तुमची केस तिच्या सगळ्यात जवळ जाते.

जे ली. दक्षिण कोरियातून १९८२ला तेरा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर आला, पुढे टेनेसीत रेस्टॉरंट चालवली, परत कधी कोरियाला गेला नाही. घरी अमली गोळ्या सापडल्या, विकायचा पण, ते त्याने मान्यच केलं होतं, बचाव असा काही नव्हताच. पण तो वकिलाला पुन्हा पुन्हा एकच विचारायचा, मला देशाबाहेर तर काढणार नाहीत ना. वकील म्हणाला नाही. त्याने प्ली घेतली, एक वर्ष आणि एक दिवस शिक्षा झाली, आणि मग कळलं की डिपोर्ट होणं नक्की आहे. आता प्लीच्या दिवशी कोर्टात काय झालं बघा. जजने नेहमीप्रमाणे विचारलं की या कबुलीमुळे तुला देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, त्याचा तुझ्या निर्णयावर काही परिणाम होतो का. ली म्हणाला, हो. जजने विचारलं, कसा? तर ली म्हणाला मला कळलं नाही, आणि वकिलाकडे वळला, आणि वकिलाने सांगितलं की हे सगळ्यांनाच विचारतात, ठरलेलं वाक्य आहे. मग ली पुढे गेला.

ते एक 'हो' सगळ्यात कामाला आलं. खालची कोर्टं म्हणाली होती की पुरावा इतका भक्कम होता की ट्रायलला जाऊन हरलाच असता, मग नुकसान कसलं. २०१७ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध दोन मतांनी ते फिरवलं. चीफ जस्टिस रॉबर्ट्स यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की ज्याला डिपोर्टेशन हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे त्याला नक्की डिपोर्ट आणि जवळजवळ नक्की डिपोर्ट यातला तो बारीकसा फरकसुद्धा ट्रायलचा धोका पत्करण्याएवढा मोलाचा असू शकतो. पण त्याच निकालात त्यांनी दुसरंही सांगितलं आणि ते तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे: मागाहून येऊन 'मला माहीत असतं तर मी सही केली नसती' एवढंच म्हटल्यावर प्ली मोडायची नाही, त्या वेळचा पुरावा बघायचा. त्या वेळी माणूस काय बोलला, काय विचारलं, कशाला घाबरत होता.

म्हणजे तुमच्या भावाची केस वकिलाच्या फोनवरच्या त्या वाक्यावर उभी राहणार नाही. ती उभी राहील २०२१-२२मध्ये तुमच्या घरात काय बोललं गेलं त्यावर, आणि त्याची खूण कुठे उरलीये त्यावर.

कुठे बघायचं? व्हॉट्सअ‍ॅप. आपली माणसं सगळं तिथेच बोलतात. 'वकील म्हणतो ग्रीनकार्ड सेफ आहे' असा त्याने तुम्हाला, बायकोला, कुणा मित्राला मेसेज केला असेल. वकिलाला ईमेल किंवा टेक्स्ट गेला असेल, माझ्या स्टेटसचं काय म्हणून. त्या दिवसांत त्याने फोनवर शोधलं असेल, एखाद्या इमिग्रेशन वकिलाची अपॉइंटमेंट घेऊन मग कॅन्सल केली असेल, कशाला पैसे घालवा, हा म्हणतोय ना काही होत नाही. ती कॅन्सल केलेली अपॉइंटमेंट पण पुरावाच आहे. मराठी मेसेजचं इंग्रजी भाषांतर प्रमाणपत्रासकट करून घ्यावं लागतं, ते घरी कुणी इंग्रजी चांगलं असलेल्या भाच्याकडून करू नका. मी बघितलंय, मूळ मेसेजमध्ये 'सही करून टाकतो' होतं आणि घरच्या माणसाने आपलं त्याला लिहून दिलं की मी नाइलाजाने सही करतोय. नाइलाज मूळ मेसेजमध्ये कुठेच नव्हता. समोरच्या वकिलाने मूळ मेसेज दुसऱ्या दुभाष्याकडून वाचून घेतला, आणि मग बाकीचे सगळे खरे मेसेज पण संशयाने वाचले गेले.

दुसरं, प्लीच्या दिवसाचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कोर्टात बोललेल्याची शब्दशः नोंद, मागवा, आणि शिक्षेच्या दिवसाचं पण. न्यू जर्सीत प्लीचा एक छापील फॉर्म असतो, त्यात नागरिक आहेस का, नसशील तर डिपोर्ट होऊ शकतोस हे कळतंय का, असे प्रश्न असतात, आणि बहुतेक वेळा वकीलच भराभरा गोल करतो आणि अशील खाली सही करतो. तुमच्या भावाने 'हो, कळलं' वर गोल केलेला असणार. समोरची बाजू तोच कागद पुढे करेल. तो अडथळा आहे, पण भिंत नाही, लीच्या केसमध्ये तर जजने तोंडाने सांगितलं होतं तरी वकिलाच्या चुकीच्या सल्ल्याने ते धुऊन निघालं. ट्रान्सक्रिप्टमध्ये बघायचं ते हे, की जजने विचारल्यावर तो अडखळला का, वकिलाकडे वळला का, वकिलाने काही पुटपुटल्याची नोंद आहे का.

तिसरं, वकिलाची फाइल. ती मागायचा भावाला हक्क आहे, ईमेलने मागा म्हणजे तारीख राहील. त्यात वकिलाच्या हाताने लिहिलेल्या नोट्स असतात, सरकारी वकिलाशी काय बोलणं झालं त्याचे ईमेल असतात. त्यात एक गोष्ट नक्की शोधा, पीटीआय म्हणजे प्रीट्रायल इंटरव्हेन्शनचा अर्ज केला होता का. पहिल्यांदाच गुन्हा झालेल्यांसाठी न्यू जर्सीत ही सोय आहे, आणि कबुली न देता त्यातून बाहेर पडलं तर इमिग्रेशनच्या लेखी तो दोषी ठरत नाही. आणि रक्कम दहा हजारांच्या खाली धरायची बोलणी कधी झाली का. तो म्हणतोच आहे ना की सगळा हात माझा नव्हता, मग कबुली तेवढ्याच व्यवहारांची देता आली असती का, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला का. पडियाच्या निकालातच लिहिलंय की जाणकार वकील डिपोर्टेशन टळेल असा सौदा बसवू शकतो. नवीन वकिलाला हे विचारा, कारण यावरून आमच्यापुढे दुसरे रस्ते होते हे दाखवता येतं.

आता वकिलावर दाव्याचं. तुमचा राग मला समजतो. पण त्या माणसाने फोनवर चूक कबूल केलीये, आणि तुम्हाला त्याचं प्रतिज्ञापत्र लागणार आहे, कदाचित साक्ष पण. आज धमकीची नोटीस पाठवलीत तर उद्या तो त्याच्या विमा कंपनीच्या वकिलामार्फतच बोलेल आणि 'लक्षातच आलं नाही'चं 'मी साधारण कल्पना दिली होती' होईल. त्याच्याशी आता भाऊ किंवा तुम्ही बोलूच नका, नव्या वकिलाला सभ्यपणे पत्र लिहू दे. नुकसानभरपाईचा दावा ही वेगळी गोष्ट आहे, त्याची वेगळी मुदत असते, ती नव्या वकिलाला आत्ताच विचारून ठेवा, पण त्या पैशाने तुमचा भाऊ या देशात राहणार नाहीये. आणि एक, वकिलाने वाईट सल्ला दिला असं कोर्टात म्हटलं की त्या विषयापुरती वकील-अशील गुप्तता उठते. दोघांमधले मेसेज समोरच्याला बघता येतात. म्हणून काहीही डिलीट करू नका. काहीही.

आता ते 'मिटव'.

तुम्ही पत्रात ते शेवटी लिहिलंत, एका ओळीत, पण मला वाटतं तुमची झोप त्यानेच उडालीये. ताई, मी तुम्हाला दोष देत नाही. आपल्याकडे घरात पोलीस-कोर्ट आलं की सगळ्यांची पहिली इच्छा तीच असते, नातेवाइकांत कळायच्या आत, आईच्या कानावर जायच्या आत संपवा. तुम्ही मोठ्या बहिणीने करावं तेच केलंत, आणि तुम्हालाही तेच सांगितलं होतं की ग्रीनकार्ड सुरक्षित आहे. पण कोर्टात तुमच्या त्या 'मिटव'च्या मेसेजचं काय होईल ते तुम्हाला माहीत हवं. सरकारी वकील म्हणेल, बघा, घरच्यांना लाजेखातर हे लवकर संपवायचं होतं, याला कुठलाही सल्ला दिला असता तरी याने प्ली घेतलीच असती, म्हणजे वकिलाच्या चुकीने काही बदललं नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही, आणि त्याला उत्तर तो मेसेज लपवून मिळणार नाही. उत्तर मिळेल तर त्याच्या पुढच्या-मागच्या मेसेजमध्ये. तुम्ही मिटव म्हणालात त्यावर भाऊ काय म्हणाला? 'ग्रीनकार्डचं विचारतो आधी' म्हणाला असेल तर त्या एका ओळीने तुमचाच मेसेज त्याच्या बाजूने उलटतो. काहीच म्हणाला नसेल तर ते पण वकिलाला सांगायचं, आणि मग बाकीच्या गोष्टींवर भर द्यायचा: सतरा वर्षं, इथे जन्मलेली मुलगी, बायकोची नोकरी, घर, भारतात परत जायचा कधीही विचार नव्हता हे दाखवणारं सगळं. लीच्या केसमध्येही त्याचं सगळं आयुष्य इथेच होतं याला कोर्टाने वजन दिलं.

म्हणून माझी एक विनंती आहे. भावाला एकट्याला, तुम्ही समोर नसताना, नव्या वकिलासमोर बसून हे ठरवू दे: खरंच मला माहीत असतं तर मी काय केलं असतं? तुम्ही समोर असलात की तो तुम्हाला बरं वाटेल ते बोलेल, इतकी वर्षं दुभाषी म्हणून उभी राहून मला हे पक्कं कळलंय की घरच्यांसमोर माणूस वेगळा बोलतो. कारण यात जिंकलं तरी बक्षीस काय आहे ते समजून घ्या. प्ली मोडली की केस संपत नाही, केस परत मार्च २०२२च्या आदल्या दिवशी जाऊन उभी राहते. सगळे मूळ आरोप परत येऊ शकतात. अशा, म्हणजे तिसऱ्या श्रेणीच्या (थर्ड डिग्री) गुन्ह्याला न्यू जर्सीत तीन ते पाच वर्षं शिक्षा आहे, पहिलाच गुन्हा असेल तर साधारण जेल देत नाहीत, पण साधारण म्हणजे नेहमीच नाही. प्रत्यक्षात अशा केसेसमध्ये बऱ्याचदा नवीन बोलणी होतात आणि यावेळी इमिग्रेशनचा वकील बाजूला बसलेला असतो. तरी धोका आहे, आणि तो पत्करायचा की नाही हे त्यानेच ठरवायचं, त्याच्या बायकोबरोबर. मला विचाराल तर मी पत्करेन. दुसऱ्या पारड्यात नऊ वर्षांच्या मुलीपासून कायमचं लांब जाणं आहे.

मुदतीचं लिहून ठेवा. न्यू जर्सीत शिक्षेनंतरचा हा अर्ज, त्याला पीसीआर म्हणतात, ज्या कोर्टात शिक्षा झाली तिथेच करायचा असतो आणि शिक्षेची नोंद झाल्यापासून पाच वर्षांत. तुमच्यासाठी म्हणजे मे २०२७. लांब वाटेल पण इमिग्रेशन कोर्ट तोवर थांबणार नाही, नुसता अर्ज पडून आहे म्हणून डिपोर्टेशन थांबत नाही, म्हणून अर्ज लवकर आणि पूर्ण करायचा. पैसे नसतील तर पहिल्या पीसीआरला कोर्ट वकील नेमून देतं, इमिग्रेशन कोर्टात मात्र सरकार वकील देत नाही. (केस फेडरल असेल तर मुदत फक्त एक वर्ष, हे बाकीच्या वाचकांसाठी.) आणि प्ली मोडण्याच्या ऑर्डरमध्ये कारण स्पष्ट हवं, की वकिलाच्या चुकीच्या सल्ल्यामुळे प्लीच कायद्याने सदोष होती. डिपोर्टेशन टाळावं म्हणून दया केली असं त्यात उमटलं तर इमिग्रेशनवाले ती ऑर्डर मानत नाहीत. एक्सपंजमेंट करून घ्या, रेकॉर्ड पुसलं जातं, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच, इमिग्रेशनसाठी ते पुसलं जात नाही. तोवर भावाने देशाबाहेर जायचं नाही, सिटिझनशिपचा फॉर्म भरायचा नाही, आणि नोटिशीच्या तारखेला गैरहजर राहायचं नाही, घाबरून पण नाही. त्या गुन्ह्यामुळे त्याला ताब्यात घेण्याची शक्यताही असते आणि मग जामीन मिळणं अवघड होतं, म्हणून पहिल्या तारखेच्या आधी इमिग्रेशन वकील नेमलेला हवाच.

असंच काही झालेले इतर वाचक असतील, आणि सगळ्यांचं नुकसान कबुली देण्यानेच होतं असं नाही, म्हणून दोन केसेस थोडक्यात. दोन्ही निकाल २१ मार्च २०१२चे. कूपर नावाच्या माणसाने मिशिगनमध्ये एका बाईवर गोळी झाडली होती, कबुली दिली तर ५१ ते ८५ महिने शिक्षा अशी त्याला ऑफर होती, वकिलाने सांगितलं की गोळी बाईला कमरेच्या खाली लागलीये, म्हणजे खुनाचा इरादा सिद्धच होणार नाही, नको घेऊ. ट्रायल झाली, १८५ ते ३६० महिने. त्याने आधी कोर्टाला कळवलं होतं की मी दोषी आहे आणि ऑफर घ्यायला तयार आहे, ते त्याच्या कामी आलं. दुसरा फ्राय, मिसूरीचा, लायसन रद्द असताना गाडी चालवली. सरकारी वकिलाने ऑफर पाठवली होती, त्यात नव्वद दिवसांच्या शिक्षेचा पर्याय होता, वकिलाने ती त्याला सांगितलीच नाही, मुदत संपली, पुढे तीन वर्षांची शिक्षा झाली. कोर्ट म्हणालं वकिलाची चूकच, पण नुकसान दाखवायचं तर तू ऑफर घेतली असतीस, सरकारी वकिलाने ती मागे घेतली नसती आणि जजने मान्य केली असती, हे सगळं दाखव. आणि फ्राय मुदत संपल्यावर दोनच दिवसांनी परत तशाच गुन्ह्यात पकडला गेला होता, त्यामुळे तिथे शंकाच होती. त्याच निकालात आकडा आहे की फेडरल शिक्षांपैकी ९७ टक्के आणि राज्यांमधल्या ९४ टक्के कबुलीवरूनच होतात. म्हणजे इथे ट्रायल हा अपवाद आहे, सौदा हीच खरी केस आहे. भारतातल्या नातेवाइकांना हे पटत नाही, तिकडे प्ली बार्गेनिंग २००६पासून कायद्यात आहे पण फार कमी वापरतात, त्यामुळे ते म्हणतात, गुन्हा कबूल केला म्हणजे केलाच ना. त्यांच्याशी वाद घालत बसू नका.

ज्यांची प्ली अजून व्हायचीये त्यांनी सही करायच्या आधी वकिलाला लेखी विचारा, 'मी नागरिक नाही, या कबुलीने माझ्या व्हिसावर किंवा ग्रीनकार्डवर काय होईल?' उत्तर पण लेखी घ्या, आणि ते उत्तर एका इमिग्रेशन वकिलाला दाखवा. तासाभराची फी लागेल.

आणि आईंचं. त्यांना सांगायचं की नाही हे मी ठरवणार नाही, पण एक व्यवहाराची गोष्ट सांगते. भावाने त्या दिवसांत कुणाकुणाशी फोनवर बोलून मन मोकळं केलं असेल त्यात आई असण्याची शक्यता तुम्ही धरलेलीच नाहीये. केस माहीत नसेल, पण 'मी इकडेच राहणार आहे, तू काळजी करू नको' असलं काही तो तेव्हा म्हणाला असेल, मेसेजमध्ये, व्हॉइस नोटमध्ये. आईंचा तेव्हाचा फोन कुठे आहे? पुण्यात कपाटात पडला असेल तर तो कुणाला देऊन टाकायच्या आधी, रीसेट करायच्या आधी, त्याचा बॅकअप घ्यायला सांगा. तुमच्या फोनचा तर आजच घ्या, मिटव म्हणालात तो मेसेज धरून.